काचेमागची पँट

तीर्थरूप ताईस, वाकून नमस्कार.

यातलं 'वाकून' नीट वाच. गेली कित्येक वर्षं मी तुला पत्रातून वाकून नमस्कार करत आलो, पण तो नुसता शाईतला होता. प्रत्यक्षात माझा हात गुडघ्याच्या खाली जात नव्हता आणि तुझ्यासमोर आलो की मी मान हलवून वेळ मारून न्यायचो. आज मात्र हे वाक्य लिहिण्याआधी मी उठून, तुझ्या घराच्या दिशेला तोंड करून, खरोखर वाकलो. (दुकानात तेव्हा एक गिऱ्हाईक ट्रायलला उभं होतं. त्याला वाटलं मी पडलेली टाचणी शोधतोय, म्हणून मदतीला तोही वाकला. त्याच्या नव्या पँटची मागची शिलाई गेली. ती आता मी घालून देणार आहे.)

तुझी पाठ कशी आहे? भाचीच्या लग्नाच्या धावपळीत औषधं विसरत नाहीस ना? नवरी मुलगी बरी आहे ना? आणि भावोजी कसे आहेत? म्हणजे साधारण केवढे आहेत? निवृत्त झाल्यापासून थोडंफार चालणं ठेवलंय की दिवसभर त्या वेताच्या खुर्चीतच असतात? जेवणानंतर गोड लागतंच का, की एखाद्या दिवशी त्याशिवायही भागतं? सहज विचारतोय. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याच्या प्रकृतीची काळजी धाकट्या भावाने नाही करायची तर कुणी करायची? उत्तर मात्र लवकर पाठव, आणि जमलं तर इंचांत पाठव.

मी ठीक आहे. हे पत्र मी कापड कापायच्या टेबलाशी उभ्याने लिहितोय, त्यामुळे अक्षर जरा पळतंय. दुकानातली माझी खुर्ची मी काढून टाकली. बसलं की वाढतं, असं माझं पक्कं मत झालंय. मशीनची मोटरसुद्धा काढून जुना पायडल परत बसवला, तेवढाच पायांना व्यायाम. आता घाईचं काम असलं की मी असा काही पाय मारतो की शेजारचा चष्मेवाला भिंत वाजवतो. त्याच्याकडची अक्षरांची पाटी हलते म्हणे, आणि चांगल्या नजरेच्या माणसांनाही चष्मा लागतो. यात त्याचं नुकसान काय ते मला अजून कळलेलं नाही.

तुला माहीतच आहे, गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं आणि स्वतः खाली बसले. त्यानंतर मी वजन उतरवलं, त्याची सगळी हकिकत तुला वेळोवेळी कळवली होती. (तुझी जाऊ तेव्हा म्हणाली होती की तुझ्या भावाची पत्रं आता वाणसामानाच्या पावतीसारखी यायला लागली आहेत. ते तूच तिला शिकवलंस असा मला संशय आहे.) पण ताई, ते दिवस फार चांगले होते. दर आठवड्याला काहीतरी बातमी असायची. पट्ट्याला नवीन भोक पडायचं. रस्त्यात माणसं थांबवून विचारायची, काय करता, काय खाता. समोरचा औषधवाला तर मला आजारी समजून चार दिवस हळू आवाजात बोलत होता, त्यातही एक मान होता. मग डॉक्टरांनी सांगितलेला आकडा आला. मी पेढीवरच्या शेठसारखा ऐटीत त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं की आता पुढे काय. ते म्हणाले, आता हे असंच ठेवायचं. मी विचारलं, कधीपर्यंत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात धुवायला गेले.

तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. उतरवताना काहीतरी होत होतं. आता काही व्हायचंच नाही, हेच यश. आज वजन वाढलं नाही, ही बातमी कुणाला सांगणार? मी दोन-तीनदा सांगून पाहिली. औषधवाल्याने 'बरं' म्हटलं आणि खोकल्याची बाटली काढून दिली.

(थांब, एक चक्कर मारून आलो. चौकापर्यंत.)

त्यात मी स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. वजन उतरल्याच्या आनंदात मी माझी जुनी पँट दुकानाच्या काचेमागे टांगली. तू ती पाहिली आहेस, तपकिरी, जिच्या एका पायात आमची पोरगी लहानपणी लपायची ती. खाली पाटी लावली: 'मालकांची जुनी पँट. येथे कपडे आत घेऊन मिळतील.' धंदा चांगला झाला. जो तो आपले कपडे आत घ्यायला येऊ लागला, आणि मला लोक 'अर्धेमास्तर' म्हणू लागले. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. काचेसमोरून जाणारा प्रत्येक माणूस आधी पँटकडे बघतो आणि मग माझ्या पोटाकडे बघतो. सकाळी पाववाला बघतो, शाळेतल्या बाई बघतात, वर्गातली पोरं रांगेने बघतात. मी काम करताना पोट आत ओढून धरतो, त्यामुळे बोलताना धाप लागते, आणि लोकांना वाटतं की वजन उतरवून मास्तरांची तब्येत ढासळली.

आणि त्यातून तो बँकेतला रोखपाल. तो स्वतः दोनदा बारीक होऊन दोनदा पूर्वपदावर आलेला माणूस आहे. त्याचे कपडे मी दोनदा आत घेतलेत आणि दोनदा बाहेर सोडलेत, एकाच शिलाईवरून इतक्या वेळा की आता तिथे कापडापेक्षा भोकं जास्त आहेत. तो भर दुकानात चार माणसांसमोर मला म्हणाला, "मास्तर, ती पँट जपून ठेवा. सहा महिन्यांनी तुम्हीच घालाल." माझं डोकं फिरलं. तुला ठाऊक आहे, आपण शिंपी लोक कपड्याच्या शिलाईच्या आत जास्तीचं कापड सोडतो, ज्याला आपण माया म्हणतो. माणूस वाढला की शिलाई उसवायची आणि ती माया बाहेर काढायची. बाबांनी आपल्याला शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती, की माया कधी कापायची नाही. मी तिथल्या तिथे कपाट उघडलं, माझ्या सगळ्या पँटी, सदरे आणि दोन कोट काढून हिच्या पुढ्यात टाकले आणि सांगितलं की या सगळ्यांची माया कापून टाक. आणि इथून पुढे या घरच्या एकाही कपड्याला माया ठेवायची नाही. परतीचा रस्ताच बंद. ही अस्तर, काज-बटण आणि आतली सगळी कामं करते, म्हणून तिला सांगितलं. तिने फक्त विचारलं, "सगळ्यांची?" मी म्हटलं, सगळ्यांची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझा निश्चय पाहून ही गप्प झाल्याचा तो पहिलाच प्रसंग.

रोखपाल निमूट निघून गेला. पण तेव्हापासून माझी काय अवस्था आहे ते मलाच माहीत. दुसऱ्या माणसाला वाढायला जागा असते, मला नाही. इतर लोक आठवड्यातून एकदा काट्यावर उभे राहतात. माझ्या गळ्यात दिवसभर टेप. गिऱ्हाइकाची छाती मोजून झाली की हात आपोआप माझ्या कमरेकडे जातो. श्वास घेऊन मोजतो, सोडून मोजतो, पाणी प्यायच्या आधी मोजतो, पाणी पिऊन मोजतो. हिने जेवणाच्या टेबलावर टेप आणायला बंदी केली, तर मी कमरेला दोरा बांधून ठेवला. तो आंघोळीत आटला. तो दिवस मी कसा काढला ते विचारू नकोस. नुसत्या काकडीवर काढला.

खाण्याची भीती एवढी बसली की मी दिवसभर तोंडात टाचण्या धरून ठेवायला लागलो. काम करताना आपण धरतोच, मी काम नसतानाही धरल्या. तोंडात टाचण्या असल्या की बिस्कीट घालता येत नाही, हा माझा स्वतःचा शोध. पण मग बोलताही येत नाही. गिऱ्हाईक बाहीची लांबी विचारतं आणि मी त्याच्याकडे ओठ मिटून रोखून बघत राहतो. दोघं जण तर घाबरून आगाऊ पैसे देऊन गेले. शेवटी एकदा शिंक आली. सगळ्या टाचण्या सापडल्या, पण त्यातली एक सापडेपर्यंत ही माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्यानंतर तो प्रयोग बंद केला.

चालण्याचंही तसंच. सकाळी निवृत्त पोस्टमास्तरांबरोबर जाऊ लागलो, तर त्यांना प्रत्येक बाकावर एक आठवण येते आणि ती बसून सांगावी लागते. त्यांच्याबरोबर चालून माझी कंबर अर्ध्या इंचाने वाढली. म्हणून घरातल्या घरात चालू लागलो, खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. खालच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. त्या वर आल्या. मला वाटलं आता भांडण होणार. त्या एवढंच म्हणाल्या, "चालायचं तर निदान लयीत चाला, माझ्या मुली चुकतात." आता मी संध्याकाळी त्यांच्या शिकवणीच्या ठेक्यावर चालतो. सुरुवातीला संथ असतं, बरं वाटतं. शेवटी शेवटी मात्र त्या मुलींना जलद गायला लावतात आणि मला घरभर धावावं लागतं. थांबलो की खालून काठीने छत ठोकतात.

मागच्या महिन्यात बेकरीवाल्याने केक दिला. मी त्याचे एप्रन शिवून दिले होते, त्याचा आनंद. नाही म्हणता आलं नाही. एक तुकडा खाल्ला. (हिच्या मते तीन. पण दोन तुकडे पोरीच्या ताटातले होते, तिने टाकलेले. उरलेलं संपवणं हे खाणं धरायचं का, यावर आमचा वाद अजून चालू आहे. जन्मभर मी हेच समजत आलो की दुसऱ्याच्या ताटातलं आपल्या अंगी लागत नाही.) पश्चात्तापाने मी तडक चालायला निघालो, डोकं खाली घालून, भरभर, रागारागाने. दम लागला तेव्हा मान वर केली तर मी बेकरीच्या दारात. पायांना तेवढा एकच रस्ता पाठ. बेकरीवाला म्हणाला, आवडला वाटतं, आणि आणखी एक बांधून दिला.

त्या आठवड्यात पँटचं बटण लागेना. ताई, मी खोटं सांगत नाही, मला रडू आलं. डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, एवढं तेवढं वर-खाली होतंच, प्रत्येकाचं होतं. वाढलेलं लवकर लक्षात आलं हीच चांगली गोष्ट. चार दिवस ताट जरा लहान घ्या, चालणं सोडू नका, आणि कृपा करून तो टेप घरी ठेवा. मी तसं केलं (टेप सोडून). बटण परत लागलं. पण ते लागेपर्यंत मी घरात कुणाशी धड बोललो नाही आणि पोरगी दोनदा मावशीकडे अभ्यासाला गेली.

तू म्हणशील, एवढं कशासाठी जिवाला लावून घेतोस, थोडं वाढलं तर वाढलं. तुला सांगतो. शेवटच्या वर्षांत बाबांच्या हातून कात्री खाली पडली की ते तिच्याकडे नुसते बघत राहायचे. वाकता येत नव्हतं. दुकानात जाताना दाराशी बसून पाय पुढे करायचे आणि तू त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायचीस. ते तेव्हा तुझ्याकडे बघत नसत, भिंतीकडे बघत. मला ती भिंत आठवते. गेल्या वर्षी एका सकाळी आमची पोरगी काही न सांगता माझ्या पायाशी बसली आणि नाडी बांधू लागली, आणि मी भिंतीकडे बघितलं. त्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. काटा, आकडा, काच हे सगळं नंतरचं. मला फक्त मरेपर्यंत माझ्या बुटाच्या नाड्या स्वतः बांधायच्या आहेत. आता बांधतो. रोज सकाळी दोन्ही बुटांच्या, आणि बांधल्या की एकदा सोडून परत बांधतो.

(चक्कर मारून आलो. या वेळी चौकाच्या पुढे गेलो होतो.)

तेव्हा लग्नाला मी येईन तेव्हा एवढी मेहेरबानी कर. मला बारीक झालास, वाळलास, खात नाहीस का, असं चारचौघांत म्हणू नकोस. एकदा वाढलं की दुसऱ्यांदा वाढू नकोस. आणि तुझ्या सासूबाईंना माझ्यापासून लांबच्या टेबलावर बसव, त्या आग्रह करू लागल्या की मी लहान होतो. बाकी सगळ्यांना यथायोग्य नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
(आता आडवाही धाकटा)

ता. क. तू पाठवलेल्या त्या सुंदर निळ्या कापडाचा भावोजींचा कोट तयार आहे आणि याच पार्सलमध्ये आहे. पत्र त्याच्याच आतल्या खिशात ठेवतोय. हे वाचून होईपर्यंत भावोजींना कोट घालू देऊ नकोस. घातला असेल तर हात वर करू देऊ नकोस.

ता. क. २. आता सांगतोच. तुझ्या लग्नात भावोजींचा कोट वेळेवर आला नव्हता आणि ते माझा घालून उभे राहिले, तो त्यांना अंगच्यासारखा बसला, हे तुला आठवत असेल. तेव्हापासून आम्ही दोघं एकाच मापाचे, आणि देवाच्या कृपेने दोघं एकाच वेगाने वाढत गेलो. इतक्या वर्षांत मी त्यांचं माप एकदाही घेतलेलं नाही. त्यांचे सगळे कपडे मी माझ्या अंगावर ट्रायल घेऊन शिवले आणि कधी तक्रार आली नाही. हाही कोट तसाच शिवला. काल घालून आरशासमोर उभा राहिलो. असा कोट माझ्या हातून पूर्वी झाला नव्हता. पाठीवर एक सुरकुती नाही. मी वळून वळून बघत होतो तेव्हा ही आतून आली. म्हणाली, "हा कोट कुणाचा?" मी म्हटलं, भावोजींचा. म्हणाली, "आणि आत कोण आहे?"

मी तसाच कोट घालून चौकापर्यंत जाऊन आलो.

ता. क. ३. उसवून मोठा करावा म्हटलं तर घरच्या कपड्याला माया ठेवायची नाही हा माझाच हुकूम. हिने तो पाळला असणारच. उरलेलं कापड कुठे आहे विचारलं तर म्हणते संपलं. तसलं निळं कापड इथे कुठे मिळत नाही. तेव्हा आता एकच मार्ग उरतो. लग्नाला अजून अवकाश आहे. भावोजींना उद्यापासून चालायला लाव. ताट लहान, गोड बंद, वेताची खुर्ची माडीवर. वरचं सगळं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव, त्यातून त्यांना स्फूर्ती मिळावी अशाच हेतूने ते लिहिलं आहे. (दोरा आणि टाचण्या हा भाग गाळ.)

ता. क. ४. त्यांना नाहीच जमलं तर त्यांच्यावर रागावू नकोस. कोट सरळ मला परत पाठव. मला तो फार छान बसतो.

पार्सल हीच बांधणार आहे. तोवर मी जरा चालून येतो.

वन्सं, मी लिहितेय. हे बाहेर गेलेत, म्हणून पेन्सिलीने चार ओळी. काळजी करू नका. कोटाची माया मी कापलेली नाही. हे मापात चुकतायत हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, म्हणून उरलेल्या कापडाच्या पट्ट्यासुद्धा दोन्ही बाजूंच्या शिलायांना जोडून अस्तराखाली दुमडून ठेवल्यात. तिथल्या कुठल्याही शिंप्याला बाजूच्या शिलाया उसवायला सांगा, भावोजींना व्यवस्थित होईल, वर थोडा उरेलसुद्धा. बटण मात्र मी पक्कं लावलंय, ते त्याने परत लावायला नको.

यांच्याही सगळ्या पँटींची माया जशीच्या तशी आहे. मी नुसती आत दुमडून टाके घातले. हे कपडे आतून कधी बघत नाहीत, आरशातच बघतात. उद्या वाढलेच तर काय उघडे फिरणार? पण कापड नाही असं समजतात म्हणून चालतात, आणि चालतात म्हणून सकाळी दाराशी उभं राहून स्वतःच्या नाड्या स्वतः बांधतात. मी आतून बघत असते. तेव्हा तुम्ही त्यांना काही सांगू नका. कोट भावोजींना कसा काय बसला विचारलं, तर भावोजी बारीक झाले म्हणा.